सीओईपीत शाखा निवडताना: विभागाच्या ओळखीपासून ऑप्शन फॉर्मपर्यंत

सीईटीचा (राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की लातूर असो, जळगाव असो की पुणं, घरोघरी एकच तक्ता उघडला जातो: मागच्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे कोणत्या शाखेत शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला. सर्वांत वर कॉम्प्युटर, त्याखाली ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), मग बाकीच्या शाखा. आपलं पर्सेंटाइल (किती टक्के मुलांच्या पुढे आहोत तो आकडा) जिथे बसेल ती शाखा ‘आपली’ असं ठरून जातं. हा तक्ता उपयोगाचा आहे, पण त्यातून एवढंच कळतं की मागच्या वर्षी मुलांची गर्दी कुठे झाली. त्या विभागात चार वर्षं काय शिकवतात, कोणत्या प्रयोगशाळेत दुपारी जातात, बाहेर पडल्यावर कोणत्या प्रकारचं काम हाती येतं, यातलं काहीच त्यात नसतं. म्हणून माझा आग्रह आहे की आधी विभाग वाचा आणि कटऑफ त्यानंतर उघडा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. उदाहरण सीओईपीचं, म्हणजे पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचं आहे, पण मुंबईचं व्हीजेटीआय किंवा इतर सरकारी संस्थांसाठीही पद्धत हीच.

पहिली पायरी: संस्था नेमकी काय आहे ते समजून घ्या

१८५४ साली पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. इमारती, धरणं, कालवे, रेल्वे, पूल अशा सार्वजनिक कामांना प्रशिक्षित माणसं हवी होती, ती तयार करणं हा हेतू. गिंडी आणि रुडकी यांच्यानंतर देशातली ही सर्वांत जुनी अभियांत्रिकी संस्था मानली जाते. १९११ मध्ये तिचं नाव ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना’ झालं. पुढे स्वायत्तता मिळाली आणि २०२२ मध्ये राज्य सरकारच्या कायद्याने ‘सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी’ हे स्वतंत्र सार्वजनिक विद्यापीठ झालं.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या शेवटच्या बदलाला महत्त्व आहे. पदवी आता या विद्यापीठाचीच असते, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची नाही. अभ्यासक्रम इथले प्राध्यापक ठरवतात, प्रश्नपत्रिका इथेच निघतात आणि तपासणीही इथेच होते. म्हणून ‘पुणे विद्यापीठाचा सिलॅबस’ म्हणून बाजारात मिळणारी पुस्तकं आणि प्रश्नसंच इथे फारसे कामाचे नाहीत. शिक्षक वर्गात काय शिकवतो यावर परीक्षा अवलंबून असते. त्यामुळे विभाग आणि तिथली शिक्षकमंडळी कशी आहेत, या प्रश्नाचं वजन संलग्न कॉलेजपेक्षा इथे जास्त आहे.

दुसरी पायरी: विभाग एकेक करून ओळखा

सिव्हिल हा संस्थेचा मूळ विभाग. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात याच संस्थेत शिकून १८८३ मध्ये अभियंता झाले आणि त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसले. कॉलेजजवळच्या शिवाजीनगरहून तासाभरात जाता येईल असं हे धरण आहे, आणि १९१६ मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आज त्याच परिसरात काम करतं. सिव्हिल म्हणजे फक्त बिल्डिंग बांधणं, अशी समजूत असलेल्यांनी या गोष्टी लक्षात घ्याव्यात. पाणी, माती, रस्ते-वाहतूक, सांडपाणी, पूल, संरचनेचं गणित असे किमान पाच-सहा वेगळे रस्ते या विभागातून फुटतात. एमपीएससी, यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा, जलसंपदा विभाग यांची ओढ असलेल्याला ही शाखा ‘खालच्या कटऑफची’ म्हणून सोडून देण्याचं काहीच कारण नाही.

मेकॅनिकल आणि मॅन्युफॅक्चरिंग (जुने लोक अजून प्रॉडक्शनच म्हणतात) यांच्याकडे पाहताना पुण्याचा नकाशा समोर ठेवा. पिंपरी, आकुर्डी, चाकण, भोसरी या पट्ट्यात वाहनं आणि त्यांचे सुटे भाग बनतात, आणि वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. प्रोजेक्ट, इंटर्नशिप, कारखानाभेट यांसाठी इतका जवळचा उद्योग फार थोड्या कॉलेजांच्या वाट्याला येतो.

मेटलर्जीचा विभाग १९४८ चा. याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, म्हणून मी थोडं जास्त लिहितो. धातूच्या आत काय घडतं हे समजून घेणं हा या शाखेचा गाभा. एकच पोलाद तापवून पाण्यात बुडवलं तर कडक आणि ठिसूळ होतं, भट्टीतच हळूहळू थंड होऊ दिलं तर मऊ होतं. हे का होतं ते मायक्रोस्कोपखाली दिसतं. नमुना घासून, पॉलिश करून, आम्लाने खरवडून कणांची रचना पाहणं हे इथलं रोजचं काम. बॅटरीचे पदार्थ, विमानाचे मिश्रधातू, शरीरात बसवायचे सांधे, सेमीकंडक्टर हे सगळं याच विषयाच्या पोटात येतं. पुण्यात फोर्जिंग आणि ओतकामाचे कारखाने भरपूर आहेत, त्यांना हे ज्ञान रोज लागतं. शाखा लहान असते, शिक्षक विद्यार्थ्यांना नावाने ओळखतात आणि संशोधनाकडे जाणाऱ्यांचं प्रमाण चांगलं असतं. ज्याला बारावीत रसायन आणि भौतिक दोन्ही आवडलं त्याने ही शाखा गंभीरपणे पाहावी, नाइलाज म्हणून नव्हे.

इलेक्ट्रिकलमध्ये वीजनिर्मिती, पारेषण, यंत्रं, ड्राइव्ह आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स येतं. सौरऊर्जा आणि इलेक्ट्रिक वाहनांमुळे यातल्या शेवटच्या दोन विषयांना नवं बळ आलं आहे. ईअँडटीसीमध्ये सिग्नल, कम्युनिकेशन, अँटेना, चिप डिझाइन. माहिती-सिद्धांत आणि सिग्नल प्रोसेसिंगमध्ये जगभर नाव असलेले थॉमस कैलाथ यांनी १९५६ मध्ये याच कॉलेजातून टेलिकम्युनिकेशनची पदवी घेतली. कार्बन डायऑक्साइड लेझरचा शोध लावणारे कुमार पटेल हेही इथलेच विद्यार्थी. नारायणगावजवळ खोडदला असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आणि पुण्यातली सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था या दोन ठिकाणांमुळे या क्षेत्रात पुढे काय करता येतं ते जवळून पाहायला मिळतं.

कॉम्प्युटरबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, निदान तसं वाटतं. कोडिंग येणं म्हणजे ही शाखा नव्हे, एवढंच इथे सांगतो. डिस्क्रीट गणित, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, नेटवर्क हे विषय कष्टाचे आहेत आणि गणिताशी वैर असलेल्याला जड जातात. इन्स्ट्रुमेंटेशन अँड कंट्रोलकडे पुढच्या पायरीत येतो. याशिवाय नियोजनाचा म्हणजे शहररचनेचा अभ्यासक्रमही इथे आहे. तो अभियांत्रिकीपेक्षा वेगळा, पण शहरं कशी वाढावीत याचा विचार करणाऱ्यांनी त्याची माहिती जरूर घ्यावी.

तिसरी पायरी: जुळ्या वाटणाऱ्या शाखांमधला फरक तपासा

पालकांचे सर्वांत जास्त प्रश्न इथे असतात, आणि ऐकीव माहितीही इथेच सर्वांत जास्त फिरते.

मेकॅनिकल की मॅन्युफॅक्चरिंग? पहिल्या दोन वर्षांत दोन्हीकडे बरेच विषय सारखे दिसतील. पुढे मेकॅनिकलचा कल उष्णता, द्रव, इंजिन, डिझाइन यांकडे जातो. मॅन्युफॅक्चरिंगचा कल वस्तू बनवण्याच्या प्रक्रियांकडे, सीएनसी (संगणकाने चालणारी यंत्रं) आणि ऑटोमेशनकडे, दर्जानियंत्रणाकडे आणि कारखान्याच्या व्यवस्थापनाकडे असतो. थर्मोडायनॅमिक्स आवडतं की ‘हा भाग कमी खर्चात, कमी वेळात कसा बनेल’ हा प्रश्न आवडतो, एवढं स्वतःला विचारलं तरी बरंच उलगडतं.

इन्स्ट्रुमेंटेशन की ईअँडटीसी? इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस तापमान, दाब, प्रवाह, पातळी मोजतो आणि ते हवं तिथे स्थिर ठेवणारी यंत्रणा उभी करतो. सेन्सर, पीएलसी आणि स्काडा (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या, त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या संगणक-यंत्रणा), कंट्रोल लूप ही त्याची हत्यारं. रिफायनरी, औषधनिर्मिती, साखर कारखाना, वीजकेंद्र, पाणीपुरवठा अशा प्रत्येक ठिकाणी त्याची गरज असते. ईअँडटीसीचा माणूस माहिती एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याचा आणि त्यासाठी लागणाऱ्या सर्किटचा विचार करतो. ईअँडटीसी न मिळाल्यावर उरलेली शाखा म्हणून इन्स्ट्रुमेंटेशन घेणाऱ्याला त्याची गंमत कळायला उशीर लागतो. कंट्रोल थिअरी हा अतिशय देखणा विषय आहे आणि रोबोपासून विमानापर्यंत सगळीकडे तो लागतो.

इलेक्ट्रिकल की ईअँडटीसी, याचं उत्तर थोडक्यात: जास्त दाबाची वीज इलेक्ट्रिकलकडे, अगदी कमी दाबाचे सिग्नल ईअँडटीसीकडे. सीमारेषेवर दोघं भेटतात.

चौथी पायरी: अभ्यासक्रम उघडून वाचा

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विभागाच्या पानावर अभ्यासक्रमाची रचना असते. पहिलं वर्ष सोडून द्या, ते बहुतेक शाखांत मिळतंजुळतं असतं. थेट तिसऱ्या वर्षाचा तक्ता उघडा, कारण शाखेचा खरा चेहरा तिथे दिसतो. विषयांच्या नावापुढे एल, टी, पी असे रकाने असतात: आठवड्याला किती तास लेक्चर, किती ट्युटोरियल, किती प्रॅक्टिकल. साधारणपणे एका तासाच्या लेक्चरला एक क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक) आणि दोन तासांच्या प्रॅक्टिकलला एक क्रेडिट असा हिशोब चालतो.

आता हे करा. तिसऱ्या वर्षातले पाच मुख्य विषय कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकाचं एक प्रास्ताविक लेक्चर एनपीटीईएलवर पाहा. आयआयटीच्या प्राध्यापकांची ही व्याख्यानं मोफत आहेत. सगळं समजणार नाही आणि समजायची गरजही नाही. ‘हे अजून ऐकावंसं वाटतंय का’ एवढंच पाहायचं. दोन शाखांसाठी हे केलं तर एक शनिवार-रविवार जातो, आणि चार वर्षांच्या निर्णयासाठी तेवढा वेळ द्यायलाच हवा.

त्याच तक्त्यात ‘मायनर’ (दुसऱ्या क्षेत्रातले जादा विषय) आणि ‘ऑनर्स’ (आपल्याच शाखेतले जादा विषय) हे शब्द दिसतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर दुसऱ्या क्षेत्रातला मायनर घेण्याची सोय वाढली आहे. सिव्हिल घेऊन डेटाशी संबंधित विषय किंवा मेटलर्जी घेऊन कॉम्प्युटरचे काही विषय शिकता येतात. मात्र कोणत्या मायनरला किती जागा आणि निवड कशी होते, हे त्या वर्षीच्या नियमांतच पाहा.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष जाऊन या

मुळा-मुठेच्या काठावरचा हा परिसर पुणे स्टेशन आणि शिवाजीनगर दोन्हींपासून जवळ आहे. बाहेरगावहून येणार असाल तर रविवार टाळा. दगडी मुख्य इमारत पाहून फोटो काढून परतू नका, विभागात जा. ऑफिसात विनंती केली तर प्रयोगशाळा बाहेरून तरी पाहता येते.

तिथे भेटायचं ते तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला. पहिल्या वर्षाच्या मुलाला शाखेची ओळख झालेली नसते आणि शेवटच्या वर्षाचा नोकरीच्या गडबडीत असतो. ‘प्लेसमेंट कशी आहे?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी हे विचारा: मागच्या सेमिस्टरला कोणता विषय सर्वांत चांगला शिकवला गेला? प्रॅक्टिकलला यंत्र स्वतः हाताळायला मिळतं की दुरून बघायचं? कायमस्वरूपी प्राध्यापक किती विषय शिकवतात आणि कंत्राटी किती? प्रोजेक्टचा विषय स्वतः निवडता येतो का? सरकारी संस्थांमध्ये प्राध्यापकांच्या रिक्त जागांचा प्रश्न वर्षानुवर्षं आहे, त्यामुळे शिक्षकांबद्दल विचारताना संकोच नको.

आणखी एक गोष्ट पाहून या. काही उत्तम शिक्षण विभागाच्या भिंतीबाहेर होतं. नदीवरचा बोट क्लब १९२८ पासूनचा आहे. विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं खपून बनवलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह इस्रोने २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून सोडला. त्या गटात वेगवेगळ्या शाखांची मुलं होती. उपग्रहात रस असलेल्याने एकच शाखा धरून बसायची गरज नाही, हे यावरून कळतं.

सहावी पायरी: प्लेसमेंटचे आकडे नीट वाचा

सर्वांत मोठं पॅकेज हा आकडा बाजूला ठेवा, तो एखाद-दुसऱ्या विद्यार्थ्याचा असतो. सरासरीही अशा एका मोठ्या आकड्याने फुगते. मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, तो मागा. मग विचारा की किती विद्यार्थ्यांनी नाव नोंदवलं होतं आणि त्यातल्या कितींना नोकरी लागली. परदेशी किंवा गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) देऊन पुढे शिकायला गेलेली मुलं बहुधा नोंदणीच करत नाहीत, त्यामुळे टक्केवारी नुसती पाहून शाखा कमकुवत ठरवणं चूक आहे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी संस्थांनी दिलेली माहिती सार्वजनिक असते. त्यात मध्यक पगार आणि उच्चशिक्षणाला गेलेल्यांची संख्या मिळते, मात्र ती शाखावार नसते.

सातवी पायरी: आता कटऑफ उघडा

सीओईपीच्या तक्त्यात प्रत्येक शाखेखाली इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. सुरुवातीचं ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण जागा, ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव, मधे प्रवर्ग आणि शेवटचं ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. इतर अनेक कॉलेजांत शेवटी ‘एच’ किंवा ‘ओ’ दिसतं, म्हणजे आपल्या विद्यापीठक्षेत्रातले आणि बाहेरचे. जेईई मेनवर आधारित अखिल भारतीय जागांचा तक्ता वेगळा असतो, तो चुकून आपल्या सीईटी पर्सेंटाइलशी ताडून पाहू नका.

पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांकाकडे जास्त लक्ष द्या. समजा एका वर्षी ३ लाख मुलं बसली, तर ९९ पर्सेंटाइलच्या वर सुमारे ३ हजार असतात. पुढच्या वर्षी ४ लाख बसली तर त्याच ९९ च्या वर ४ हजार. जागा मात्र जवळपास तेवढ्याच. म्हणून ‘गेल्या वर्षी अमुक पर्सेंटाइलला मिळालं होतं’ हे वाक्य फसवं ठरू शकतं. मागच्या किमान तीन वर्षांचे, पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही फेऱ्यांचे क्रमांक लिहून काढा. तेवढ्यावर अंदाज पुरेसा बांधता येतो.

आठवी पायरी: ऑप्शन फॉर्म

कॉलेज आणि शाखांची पसंती क्रमाने लिहून देण्याचा हा अर्ज. याबाबत नियम एकच: ज्या क्रमाने मनापासून हवं आहे, त्याच क्रमाने भरा. ‘मिळणार नाही, मग वर कशाला टाकू’ असं म्हणून आवडती शाखा खाली ढकलू नका. वरचा पर्याय न मिळाल्याने खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही.

पण आपोआप निश्चित होणाऱ्या जागेचा नियम लक्षात ठेवा. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय मिळाला की ती जागा आपोआप पक्की होत होती, पुढच्या फेरीत जाता येत नव्हतं. म्हणजे वरचे सहा पर्याय असेच हवेत, जे मिळाले तर घरात कुणाची तक्रार राहणार नाही. ही नियमावली दरवर्षी बदलू शकते. सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय फॉर्म लॉक करू नका, आणि सायबर कॅफेवाल्याच्या हातात लॉगिन देऊन निघून जाऊ नका.

कॉलेज मोठं की शाखा आवडीची? सीओईपीत मेटलर्जी घ्यावी की दुसऱ्या कॉलेजात कॉम्प्युटर? माझं मत असं: चौथ्या पायरीतली व्याख्यानं ऐकून विषयाबद्दल थोडी जरी ओढ वाटली तर सीओईपी घ्या, सोबती आणि वातावरण यांचा फायदा मोठा आहे. मुळीच वाटली नाही तर कॉलेजच्या नावासाठी ती शाखा घेऊ नका. शाखा पुढे बदलता येईल या भरवशावर तर नकोच. ती सोय मोजक्या जागांची आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर ठरणारी असते.

कागदपत्रं आणि फी

ही तयारी निकालाच्या आधीच सुरू व्हावी. जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो, ते बारावीत असतानाच कॉलेजमार्फत समितीकडे टाका. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. अधिवास, राष्ट्रीयत्व, उत्पन्न आणि ईडब्ल्यूएसचे दाखले तहसीलमधून निघतात आणि जूनमध्ये तिथे रांगा लागतात.

आर्थिकदृष्ट्या मागास, ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी कुटुंबांतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून कॅपमार्फतच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या) व्यावसायिक प्रवेशात शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. ही गोष्ट अजून खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत पोहोचलेली नाही, कृपया सांगा. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करावा लागतो. टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफीच्या योजनेतल्या) जागा वेगळ्या, मंजूर जागांच्या पाच टक्के आणि त्यांच्याव्यतिरिक्त असतात. त्यांचा पर्याय-संकेतही वेगळा भरावा लागतो. त्यात फक्त शिक्षण शुल्क माफ असतं आणि नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबर आपोआप होत नाही. जागा कमी आहेत, तारखेवर लक्ष ठेवा.

डिप्लोमावाल्यांसाठी

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांची कॅप वेगळी असते आणि गुणवत्ता डिप्लोमाच्या गुणांवर ठरते. विभाग ओळखण्याच्या वरच्या सगळ्या पायऱ्या तुम्हालाही लागू आहेत, उलट यंत्रावर हात बसलेला असल्याने प्रॅक्टिकलमध्ये तुम्ही पुढे असाल. अडचण येते ती गणिताची. पहिल्या वर्षाचं गणित बाकीच्या वर्गाने केलेलं असतं, तुमचं राहिलेलं असतं, आणि दुसऱ्या वर्षाचे विषय ते येतं असं धरून सुरू होतात. प्रवेशाची वाट पाहत बसण्याच्या काळात मॅट्रिक्स, आंशिक विकलन, बहुविध संकलन आणि विकल समीकरणं एवढे चार भाग रोज दोन तास करून ठेवा. सीनियरकडून पहिल्या वर्षाच्या वह्या मागून घ्या, तिथे त्या सहसा कुणी नाकारत नाही.